मॉर्मिरिडी

मॉर्मिरिडी हे आफ्रिका खंडातील गोड्या पाण्यात राहणाऱ्या आणि क्षीण विद्युत स्पंद निर्माण करणाऱ्या माशांचे कुळ आहे. या कुळात २० हून अधिक प्रजाती आणि २०० हून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक मासे लहान, मंद रंगाचे, निशाचर व गढूळ पाण्यात राहणारे आहेत. काही जातींच्या तोंडाचा भाग सोंडेसारखा पुढे आलेला असल्यामुळे या माशांना सामान्यतः ‘हत्तीमासे’ म्हटले जाते. सोंड मात्र या कुळातील सर्वच माशांना नसते.

या कुळाचे वर्गीकरण प्राणिशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाशी निगडित आहे. कुळातील अनेक मासे बाह्यतः इतके सारखे दिसतात की डोळ्यांनी त्यांच्या जाती ओळखता येत नाहीत. तथापि त्यांचे विद्युत स्पंद एकमेकांपासून स्पष्टपणे भिन्न असतात. त्यामुळे जाती ठरवताना हाडे, जनुके आणि विद्युत स्पंद यांपैकी कोणता पुरावा निर्णायक मानावा, हा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार उभा राहिला आहे.

(या लेखात ‘प्रजाती’ हा शब्द जातींच्या गटासाठी, तर ‘जाती’ हा शब्द वर्गीकरणाच्या मूळ एककासाठी वापरला आहे.)

## शरीररचना

मॉर्मिरिडी कुळातील माशांचे आकारमान बरेच भिन्न असते. पॅरामॉर्मिरॉप्स, पॉलिमायरस व पेट्रोसेफॅलस या प्रजातींतील बहुतेक मासे हाताच्या पंजात मावतील एवढे असतात. याउलट, मॉर्मिरॉप्स अँग्विलॉइडिस हा लांबट मासा एक मीटरहून अधिक वाढतो. तोंडाची ठेवणही आहारानुसार बदलते. पेट्रोसेफॅलसचे मुस्कट बोथट व गोलसर असते. नेथोनिमस पीटर्सी या जातीत हनुवटीचा भाग बोटासारखा लांबलेला असून तो सतत हलत असतो आणि चिखलातील अळ्या शोधण्यास उपयोगी पडतो. कॅम्पायलोमॉर्मिरस प्रजातीत संपूर्ण मुस्कट नळीसारखे लांब व खाली वळलेले असते.

या माशांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो. त्यातही लहान मेंदूचा (अनुमस्तिष्काचा) एक भाग इतका वाढलेला असतो की तो मेंदूच्या इतर भागांवर आच्छादनासारखा पसरतो. नेथोनिमस पीटर्सी या माशाच्या शरीराला लागणाऱ्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसून आले. माणसाच्या बाबतीत विश्रांतीच्या अवस्थेत हे प्रमाण सुमारे २० टक्के असते.

मॉर्मिरिडी व त्याचे निकटचे कुळ जिम्नार्किडी यांच्या शुक्रपेशींना शेपटी नसते. पृष्ठवंशी प्राण्यांत हे लक्षण अत्यंत असामान्य असल्याने ते या दोन कुळांच्या समान पूर्वजत्वाचा एक पुरावा मानले जाते.

## विद्युत स्पंदाची निर्मिती

प्रौढ माशाचा विद्युत अवयव शेपटीच्या मुळाशी असलेल्या निमुळत्या भागात असतो. त्यात चकतीसारख्या विद्युतपेशींचे चार स्तंभ असतात. शरीराच्या प्रत्येक बाजूस दोन. उत्क्रांतीच्या ओघात या पेशी स्नायुपेशींपासून बनल्या आहेत. त्यांची आकुंचन पावण्याची क्षमता नष्ट झाली असून विद्युत प्रवाह निर्माण करण्याची क्षमता मात्र टिकून राहिली व वाढली. मेंदूकडून आज्ञा येताच सर्व पेशी एकाच क्षणी उद्दीपित होतात आणि त्यांचे सूक्ष्म विभव एकत्र येऊन एक स्पंद तयार होतो. हा स्पंद साधारणतः काही व्होल्टांपुरता असल्याने माणसाला त्याचा धक्का जाणवत नाही.

स्पंदाचा कालावधी जातीनुसार सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागापासून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. त्याचे तरंगरूप, म्हणजे धन व ऋण टप्प्यांचा क्रम व आकार, विद्युतपेशींच्या रचनेवर अवलंबून असते. प्रत्येक विद्युतपेशीला एक देठ असतो आणि चेतातंतू या देठाला येऊन मिळतात. देठ पेशीच्या मागील बाजूसच राहिला, तर प्रथम मागील व नंतर पुढील पृष्ठभाग उद्दीपित होऊन दोन टप्प्यांचा स्पंद निर्माण होतो. देठ पेशीला आरपार छेदून पुढील बाजूस गेला, तर मुख्य स्पंदाच्या आरंभी आणखी एक लहान टप्पा उमटतो व स्पंद तीन टप्प्यांचा होतो. अशा प्रकारे पेशीच्या रचनेतील एका फरकामुळे माशाचा संकेत बदलतो.

एका माशाचे तरंगरूप दीर्घकाळ स्थिर राहते; बदलते ते दोन स्पंदांमधील अंतर. विश्रांती, अन्नशोध, आक्रमण व प्रणयाराधन या प्रसंगी स्पंदांची लय वेगवेगळी असते. म्हणजे तरंगरूपातून मासा कोणत्या जातीचा आहे हे कळते, तर लयीतून त्याची त्या वेळची अवस्था कळते. अनेक जातींत प्रजननकाळी नर-संप्रेरकांच्या प्रभावाने नराच्या स्पंदाचा कालावधी वाढतो. त्यामुळे तरंगरूपावरून लिंगभेदही ओळखता येतो.

## विद्युतसंवेदन

या माशांच्या त्वचेत तीन प्रकारची विद्युतग्राही इंद्रिये असतात.

* कुपीसारखी इंद्रिये: ही मंद गतीने बदलणारी विद्युत क्षेत्रे टिपतात. भक्ष्याच्या शरीरातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारे क्षीण विद्युत क्षेत्र त्यांना जाणवते.
* मॉर्मिरोमास्ट: माशाने स्वतः सोडलेल्या स्पंदाचे क्षेत्र आसपासच्या वस्तूंमुळे कसे विकृत झाले, हे ही इंद्रिये मोजतात. त्यांच्या साहाय्याने मासा अंधारातही दगड, वनस्पती व अळी यांतील फरक ओळखतो.
* नोलेन इंद्रिये: ही इतर माशांचे स्पंद टिपतात आणि संदेशवहनास उपयोगी पडतात.

नोलेन इंद्रियांवर स्वतःच्या स्पंदाचाही परिणाम होतो. तो वगळण्यासाठी मेंदू स्पंदाची आज्ञा देतानाच तिची एक प्रत संवेदन-मार्गाकडे पाठवतो आणि त्या क्षणापुरता तो मार्ग रोखून धरतो. परिणामी या मार्गाने मेंदूच्या पुढील केंद्रांपर्यंत केवळ इतरांचे संकेत पोहोचतात.

दुसऱ्या माशाचा स्पंद येतो तेव्हा शरीराच्या एका बाजूची इंद्रिये त्याच्या आरंभाला, तर दुसऱ्या बाजूची इंद्रिये त्याच्या अंताला प्रतिसाद देतात. या दोन प्रतिसादांमधील अत्यल्प कालांतराची तुलना मध्यमेंदूतील एका केंद्रात होते आणि त्यावरून स्पंदाचा कालावधी ओळखला जातो. कार्ल हॉपकिन्स व अँड्र्यू बास यांनी गॅबनमध्ये केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी कृत्रिमरीत्या तयार केलेले स्पंद पाण्यात सोडले असता स्वजातीय मादीच्या स्पंदाशी जुळणाऱ्या तरंगरूपांना नरांनी प्रणयाराधनाच्या लयीत प्रतिसाद दिला. जोडीदार ओळखण्यासाठी हे मासे स्पंदातील कालरचनेचा उपयोग करतात, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

## संशोधनाचा व वर्गीकरणाचा इतिहास

कार्ल लिनियस यांनी १७५८ साली मॉर्मिरस ही प्रजाती स्थापन केली. तिच्यातील आरंभीच्या जाती नाईल नदीतील माशांवर आधारित होत्या. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतील नद्यांमधून युरोपीय संग्रहालयांकडे मोठ्या प्रमाणावर नमुने गेले आणि नव्या जातींची भर पडत गेली. ब्रिटिश संग्रहालयातील जॉर्ज आल्बर्ट बुलेंजर यांनी १८९८ साली कुळातील प्रजाती व जाती यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्या काळचे वर्गीकरण दातांची संख्या, परांतील अरांची संख्या, खवल्यांच्या रांगा व मुस्कटाचा आकार यांवर आधारलेले होते.

या माशांच्या शेपटीतील अवयवाची रचना एकोणिसाव्या शतकात ज्ञात झाली होती. परंतु त्यातून जाणवण्याजोगा धक्का मिळत नसल्याने त्याला ‘आभासी विद्युत अवयव’ म्हटले जाई. हा अवयव निरुपयोगी वाटत असल्याने एक सैद्धांतिक अडचण निर्माण झाली. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात माशांच्या विद्युत अवयवांचा उल्लेख आपल्या सिद्धान्तापुढील एक विशेष अडचण म्हणून केला. प्रबळ धक्का देणारा अवयव टप्प्याटप्प्याने कसा विकसित झाला असेल आणि एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या माशांत तो कसा आढळतो, हे त्यावेळी स्पष्ट होत नव्हते.

या कोड्याचा एक भाग केंब्रिज विद्यापीठातील हान्स लिसमन यांनी सोडवला. जिम्नार्कस निलोटिकस हा मासा शेपटीतून अखंड क्षीण विद्युत संकेत सोडतो, हे त्यांनी १९५१ साली दाखवून दिले. पुढे १९५८ साली त्यांनी केनेथ मशिन यांच्यासमवेत हा मासा त्या संकेतांच्या साहाय्याने वस्तूंचे स्थान जाणतो, हे प्रयोगांनी सिद्ध केले. क्षीण विद्युत निर्मितीचाही प्राण्याला उपयोग असतो हे कळल्यामुळे प्रबळ विद्युत अवयवाच्या आधीच्या टप्प्यांवर नैसर्गिक निवड कशी कार्य करू शकते, हे समजू लागले.

बेल्जियन शास्त्रज्ञ लुई ताव्हेर्न यांनी १९७२ साली कवटी व सांगाडा यांच्या तपशीलवार अभ्यासावरून कुळातील प्रजातींची पुनर्रचना केली. दीर्घकाळ हीच मांडणी प्रमाण मानली गेली. २००० साली जॉन सुलिव्हन, सेबास्तियाँ लाव्हुए व हॉपकिन्स यांनी जनुकीय अनुक्रमांवरून वंशवृक्ष तयार केला. त्यात मार्क्युसेनियस, पॉलिमायरस, हिप्पोपोटामायरस व ब्रायनोमायरस या प्रजाती एकाच पूर्वजापासून आलेले संपूर्ण गट नाहीत, असे दिसून आले. हाडांतील जी साम्ये नात्याची खूण मानली गेली होती, त्यांपैकी काही समान राहणीमुळे स्वतंत्रपणे निर्माण झालेली होती. त्यानंतर अनेक जातींची नावे बदलावी लागली.

## सध्याचे वर्गीकरण

मॉर्मिरिडी कुळ ऑस्टिओग्लॉसिफॉर्मिस या प्राचीन अस्थिमत्स्य गणात मोडते. या गणातील माशांची जीभ व टाळू यांवर दात असतात. कुळाची दोन उपकुळे मानली जातात.

* पेट्रोसेफॅलिनी: यात पेट्रोसेफॅलस ही एकच प्रजाती आहे. तिच्या विद्युतपेशींचे देठ आरपार गेलेले नसतात.
* मॉर्मिरिनी: उर्वरित सर्व प्रजाती या उपकुळात येतात. मॉर्मिरस, मॉर्मिरॉप्स, हायपेरॉपिसस, मार्क्युसेनियस, नेथोनिमस, कॅम्पायलोमॉर्मिरस, पॉलिमायरस, स्टोमाटोऱ्हायनस, ब्रायनोमायरस, पॅरामॉर्मिरॉप्स व इव्हिंडोमायरस या त्यांतील काही होत.

प्रजातींची यादी अद्याप पूर्ण झालेली नाही. गॅबनमधील मोजक्या नमुन्यांच्या आधारे क्रिप्टोमायरस ही नवी प्रजाती व तिच्या दोन जाती २०१६ साली वर्णिल्या गेल्या.

### नातलग कुळे

मॉर्मिरिडीचे सर्वांत जवळचे कुळ जिम्नार्किडी असून त्यात जिम्नार्कस निलोटिकस ही एकच जाती आहे. या माशाला पुच्छपर, गुदपर व श्रोणिपर नसतात. तो पाठीवरील लांब पराच्या लाटेसारख्या हालचालीने पुढे-मागे पोहतो. मॉर्मिरिडी मासे सुटे स्पंद सोडतात, तर जिम्नार्कसचे विद्युत विसर्जन सलग तरंगासारखे असते.

या दोन कुळांनंतरचे नाते नोटॉप्टेरिडी या कुळाशी आहे. त्याचे सदस्य आफ्रिका व आशिया अशा दोन्ही खंडांत आढळतात. महाराष्ट्रातील भीमा नदीत सापडणारा, सुरीच्या पात्यासारखा चपटा नोटॉप्टेरस हा मासा याच कुळातील आहे. या कुळातील मासे विद्युत स्पंद निर्माण करत नाहीत. मात्र झेनोमिस्टस व पॅपायरोक्रेनस या त्यातील आफ्रिकी प्रजातींना विद्युतसंवेदन असते, आशियाई प्रजातींना ते नसते. यावरून या वंशात विद्युत क्षेत्र जाणण्याची क्षमता ते निर्माण करण्याच्या क्षमतेआधी उत्पन्न झाली असावी, असे मानले जाते.

## उत्क्रांती

### स्वतंत्र उगम

माशांमध्ये विद्युत अवयव किमान सहा वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत. दक्षिण अमेरिकेतील जिम्नोटिफॉर्मिस हा गण मॉर्मिरिडीशी आश्चर्यकारक साम्य दाखवतो. परंतु त्याचे नाते मागूरसारख्या मिशाळ माशांशी जवळचे आहे. विजेरी बाम हा प्रबळ धक्का देणारा मासाही याच गणातील आहे. दोन खंडांतील या दोन गटांनी क्षीण विद्युत स्पंद, विद्युतसंवेदन आणि विद्युत संदेशवहन या तिन्ही क्षमता परस्परांपासून अलगपणे मिळवल्या. अभिसारी उत्क्रांतीचे हे एक ठळक उदाहरण आहे.

या साम्याची जनुकीय बाजूही स्पष्ट झाली आहे. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता. त्यामुळे स्नायूंतील सोडियम-मार्ग घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती निर्माण झाल्या. दोन्ही विद्युत-मत्स्य गटांत त्यांपैकी एकच प्रत स्नायूंमधील कार्यातून मुक्त होऊन केवळ विद्युत अवयवात कार्य करू लागली आणि तिच्यात वेगाने बदल घडले. दुसरी प्रत स्नायूंचे काम सांभाळत राहिल्याने हा बदल जिवावर बेतला नाही. हॅरॉल्ड झॅकन व सहकाऱ्यांनी २००६ साली हे निष्कर्ष मांडले.

### संवेदन आणि जातींची विविधता

२०११ साली ब्रूस कार्लसन व सहकाऱ्यांनी मेंदूची रचना व जातींची संख्या यांचा संबंध तपासला. पेट्रोसेफॅलसच्या बहुतेक जातींत नोलेन इंद्रिये डोक्यावरील काही पुंजक्यांत एकवटलेली असतात आणि मध्यमेंदूतील संबंधित केंद्र लहान असते. मॉर्मिरिनी उपकुळातील मोठ्या गटात ही इंद्रिये शरीरभर विखुरलेली असून ते केंद्र मोठे व दोन भागांत विभागलेले असते. दुसऱ्या प्रकारचे मासे तरंगरूपांतील सूक्ष्म फरक ओळखू शकतात. पहिल्या प्रकारच्या बहुतेकांना ते साधत नाही. नव्या जाती उत्पन्न होण्याचा वेगही दुसऱ्या गटात अधिक आढळला. सूक्ष्म फरक ओळखता येऊ लागल्यावर संकेतांतील लहान बदलही जोडीदाराच्या निवडीत महत्त्वाचे ठरू लागले, असा याचा अर्थ लावला जातो.

### गॅबनमधील पॅरामॉर्मिरॉप्स

जातिनिर्मितीचा सर्वांत सखोल अभ्यास मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील पॅरामॉर्मिरॉप्स या प्रजातीत झाला आहे. गॅबनमधील ओगुए नदी व तिची उपनदी इव्हिंडो यांच्या खोऱ्यांत या माशांचा मोठा जातिसमूह आढळतो. यातील अनेक मासे पूर्वी ब्रायनोमायरस प्रजातीत गणले जात. जनुकीय अभ्यासानंतर त्यांना वेगळे करण्यात आले.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४०० हून अधिक नमुन्यांची तपासणी करण्यात आली. शरीररचना व विद्युत स्पंद यांच्या एकत्रित आधारे त्यांत ३८ वेगळी रूपे ओळखली गेली. त्यांपैकी केवळ चार रूपे आधी वर्णिलेल्या जातींशी निश्चितपणे जुळत होती. एकाच ओढ्यात अशी अनेक रूपे एकत्र राहतात. त्यांचे आकार व रंग जवळपास सारखे असले, तरी पाण्यात इलेक्ट्रोड ठेवून नोंदवलेली तरंगरूपे त्यांना वेगळे करतात.

मॅथ्यू आर्नेगार्ड व सहकाऱ्यांनी २०१० साली या समूहातील शरीराचा आकार, आकारमान, आहार व विद्युत स्पंद यांच्या बदलांची तुलना केली. त्यांत स्पंद इतर लक्षणांपेक्षा अधिक वेगाने भिन्न होत गेल्याचे दिसले. सरोवरांतील सिक्लिड माशांच्या अनेक जातिसमूहांत जबडा व आहार यांतील भेद ठळक असतात. येथे मात्र संकेतांतील भेद पुढे आहे. यामागे लैंगिक निवडीचा मोठा वाटा असावा, असे मानले जाते.

## जाती ठरवण्याचा प्रश्न

विद्युत स्पंद हे जाती ओळखण्याचे प्रभावी साधन असले, तरी केवळ त्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही. याची दोन प्रकारची उदाहरणे गॅबनमध्येच आढळली आहेत.

पहिले उदाहरण पॅरामॉर्मिरॉप्स किंग्सलेयी या जातीचे आहे. प्रवासी मेरी किंग्सले यांनी जमा केलेल्या नमुन्यांवरून आल्बर्ट ग्युंथर यांनी १८९६ साली तिचे वर्णन केले. या एकाच जातीच्या काही स्थानिक समूहांत देठ आरपार गेलेल्या विद्युतपेशी व तीन टप्प्यांचा स्पंद असतो, तर इतर समूहांत दोन टप्प्यांचा स्पंद असतो. २००० सालच्या वंशवृक्षावरूनही असे दिसले होते, की आरपार देठाची रचना मॉर्मिरिनी उपकुळाच्या आरंभीच्या काळात एकदा निर्माण झाली व नंतर अनेक शाखांत पुन्हा नाहीशी झाली. स्पंदाचे टप्पे सारखे आहेत म्हणून नाते जवळचे आहे, असे अनुमान त्यामुळे काढता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात एकाच ठिकाणी राहणाऱ्या माशांची तरंगरूपे स्पष्टपणे भिन्न असूनही त्यांच्यात जनुकीय फरक जवळजवळ आढळला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एकाहून अधिक जोड्यांची नोंद आहे. हे मासे एका जातीची दोन रूपे आहेत की नुकत्याच विलग होऊ लागलेल्या दोन जाती आहेत, हे केवळ एका कसोटीवर ठरवता येत नाही.

याच कारणाने आधुनिक अभ्यासक नव्या जातीचे वर्णन करताना सांगाडा व बाह्य लक्षणे, जनुकीय अनुक्रम आणि जिवंत माशाच्या स्पंदाची नोंद असे तिन्ही पुरावे एकत्र देतात. यातून संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांची मर्यादाही उघड झाली आहे. फॉर्मॅलिन व मद्यार्कात जतन केलेल्या माशाचे खवले मोजता येतात. परंतु त्याचा स्पंद कायमचा नष्ट झालेला असतो. ज्या नदीतून तो नमुना आला तेथे जाऊन जिवंत मासे पकडल्याशिवाय जुन्या नावाची व आज नोंदलेल्या स्पंदाची सांगड घालता येत नाही. म्हणून या कुळाच्या अभ्यासात मूळ अधिवास शाबूत राहणे महत्त्वाचे ठरते. इव्हिंडो नदीच्या खोऱ्याचा एक भाग इव्हिंडो राष्ट्रीय उद्यानात मोडतो. या उद्यानाचा समावेश २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

## मानवी संस्कृतीतील स्थान

प्राचीन इजिप्तमध्ये नाईलमधील मॉर्मिरस मासा पूज्य मानला जाई. ऑक्सिऱ्हिंकस या नगराचे ग्रीक नाव ‘टोकदार मुस्कटाचा’ या अर्थाच्या शब्दावरून, याच माशामुळे पडले. या माशाच्या कांस्य मूर्तीही सापडल्या आहेत. हेच नगर पुढे तेथील उकिरड्यांत मिळालेल्या पपायरस हस्तलिखितांमुळे जगप्रसिद्ध झाले.

आफ्रिकेतील अनेक भागांत मोठ्या आकाराच्या जाती खाण्यासाठी पकडल्या जातात. नेथोनिमस पीटर्सी हा मासा जगभर शोभेच्या मत्स्यटाक्यांत पाळला जातो. चेतासंस्था स्वतःच्या कृतीमुळे होणारे संवेदन व बाहेरून येणारे संवेदन यांत भेद कसा करते, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळांतही या कुळातील माशांचा उपयोग केला जातो.